सेनापतीचा कमरपट्टा

विकासने कमरपट्टा पोटावरून ओढून घेतला, श्वास आत धरला आणि मागे हात नेऊन आकडा अडकवायचा प्रयत्न केला. आकडा कडीपासून चार बोटं अलीकडेच राहिला. समोर विहाराच्या फरशीवर शाक्य संघाचे सभासद, म्हणजे बारा नंबर आणि तेरा नंबर चाळीतली मिळून दहा-पंधरा माणसं, चहाचे कागदी कप हातात धरून त्याच्याकडे पाहत होती.

"राहू दे रे आता," दाराजवळच्या खुर्चीवरून जाईबाई म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या मापाचा पट्टा तो. तुला कधी बांधायला लागला नाय, म्हणून माहीत नाय तुला."

जाईबाई बारा नंबरमधली सगळ्यात म्हातारी बाई. नाटकाची एकही तालीम ती चुकवत नसे, आणि खरं बोलायचं राहून गेलं असंही तिच्या हातून कधी झालं नव्हतं. विकासला हा पट्टा खरंच कधी बांधावा लागला नव्हता. परळच्या या दोन चाळींच्या मधल्या मैदानात वैशाख पौर्णिमेला एकच नाटक होतं. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटतं, शाक्यांचा सेनापती संघात युद्धाचा ठराव मांडतो, तरुण सिद्धार्थ एकटा उठून विरोध करतो आणि शेवटी युद्ध टळावं म्हणून स्वतःच घर सोडून जातो. बारा नंबरच्या मंडळाचे अध्यक्ष सीतारामदादा यांनी ते गिरणीत होते तेव्हा लिहिलेलं हे नाटक. पंचवीसेक वर्षं त्यातला सिद्धार्थ बारा नंबरचा विकासच होता. लग्न झालं, पूर्वी नावाची लेक झाली, पोट सुटलं, केस गेले, तरी तोच. पांढरं उपरणं खांद्यावर टाकून तो उठला की मैदान गप्प व्हायचं.

यंदा दिग्दर्शन पूर्वीकडे आलं. पोरगी नाटकाचा कोर्स करून आलेली. तिने पहिल्याच दिवशी उपरणं तेरा नंबरच्या स्वप्नीलच्या हातात दिलं आणि पट्टा बापाच्या.

"पप्पा, सिद्धार्थ अठ्ठावीस-एकोणतीसचा आहे ओ," एवढंच ती म्हणाली होती.

विकास हसला होता. मोठ्या मनाने टाळीही वाजवली होती. पण घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं होतं, ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

स्वप्नील म्हणजे काय फार मोठा नट नव्हता. गिरणीच्या जागेवर उठलेल्या कुठल्याशा टॉवरमध्ये नोकरीला, तालमीला यायचा तो गळ्यातली ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी न काढताच. पण आवाज असा खालच्या पट्टीतला, की ऐकणाऱ्याला पुढे सरकून बसावं लागे. लोक पुढे सरकून बसत होते, आणि विकासला नेमकं तेच बघवत नव्हतं. आपण सिद्धार्थ करायचो तेव्हा लोक मागे रेलून ऐकायचे. तेव्हा त्याला तो आदर वाटला होता.

पट्टा सुतळीने बांधून विकासने ठराव वाचला. कोलीयांनी शाक्यांचा अपमान केला आहे, रोहिणीच्या पाण्यावर पहिला हक्क आपला आहे, संघाने युद्ध पुकारावं. आवाज दणदणीत लागला. सभासदांनी माना डोलावल्या.

"का?" पूर्वीने विचारलं.

"काय का?"

"सेनापतीला युद्ध का हवंय?"

"पाण्यासाठी. ठरावातच आहे की."

"पाण्यावरून भांडण दरवर्षी व्हायचं पप्पा, आणि दरवर्षी मिटायचं. ह्याच वर्षी का?"

"अपमान झाला. शेतावर मारामारी झाली, रक्त सांडलं."

"ते तो लोकांना सांगतो. मी त्याला विचारतेय. त्याला एकट्याला."

विकासला उत्तर सुचलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. कारण पुढारी लढाया का करतात हा तर त्याचा हातखंडा विषय. रुग्णालयात दिवसभर लोकांच्या छातीचे एक्स-रे काढायचे आणि संध्याकाळी चाळीच्या कट्ट्यावर बसून जगाचे. कुठल्या देशाच्या प्रमुखाला तेल हवंय, कुणाची निवडणूक जवळ आलीय, कुणाला आपल्या सासऱ्यापेक्षा मोठा पुतळा हवाय, हे विकासला पेपर न उघडताच समजायचं. "देश-बिश सगळं बोलायचं असतं रे," तो सांगायचा, "आत बघायचं असतं, आत." लोक ऐकायचे. त्या माणसाला त्याची लेक आत बघायला सांगत होती आणि त्याला काही दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून तिने तेच धरलं. तो ठराव वाचून संपवायचा आणि विंगेतून, म्हणजे विहाराच्या कपाटाआडून, एकच शब्द यायचा. का?

स्वप्नीलला मात्र तिने एकदाही टोकलं नाही.

रविवारी दुपारी तालीम लवकर संपली आणि पूर्वी त्यालाच घरी जेवायला घेऊन आली. विकासच्या बायकोने, सुनेत्राने, सुकटीची चटणी केली होती. टीव्हीवर कुठल्यातरी दूरच्या युद्धाच्या बातम्या चालल्या होत्या. एक नेता माइकसमोर उभा राहून सांगत होता की आम्हाला हे युद्ध नको होतं, आमच्यावर लादलं गेलं.

"सगळे हेच बोलतात," सुनेत्रा म्हणाली. "नको होतं तर कशाला केलं मग? घे रे स्वप्नील, चटणी घे अजून. तुझी आई सांगत होती, लाजतोस म्हणून."

वैशाली, स्वप्नीलची आई, सुनेत्राची जुनी मैत्रीण. दोघी रोज सकाळी बरोबर चालायला जात.

"काका, तुम्ही सिद्धार्थ करायचात ना," स्वप्नील म्हणाला, "तेव्हा मी पुढच्या लाइनीत बसायचो. शेवटी तुम्ही घर सोडून निघायचात तर मी रडायचो. आई चिडवते अजून."

याच्यावर माणसाने आनंदी व्हावं. विकासला वाटलं, आपली आठवण सांगतोय जणू आपण गेलोच आहोत. त्याने ताटातली भाकरी मोडली. सुनेत्राने राहिलेली चटणी न विचारता स्वप्नीलच्या ताटात वाढली. विकासला चटणी नको होती. पण विचारायला तर हवं होतं.

आणि मग बॅनर आला.

दोन चाळींची बुद्धजयंती एकत्र, तेव्हा मैदानाच्या तोंडावर लागणारा बॅनरही एकच. वरच्या ओळीत बारा नंबरचं मंडळ, खालच्या ओळीत तेरा नंबरचं, असा शिरस्ता. का, तर जयंती प्रथम बारा नंबरने सुरू केली. यंदा छपाई तेरा नंबरकडे होती. त्यांनी दोन्ही नावं एकाच ओळीत घेतली. तेरा डावीकडे, बारा उजवीकडे. वाचणारा डावीकडून वाचतो, म्हणजे पहिलं नाव तेराचं. छापणाऱ्याच्या डोक्यात तरी हे आलं होतं की नाही, देव जाणे. बॅनर दोन दिवस मैदानाच्या तोंडावर लटकत होता आणि बारा नंबरमधल्या एकाही माणसाला त्यात काही दिसलं नव्हतं.

विकासला दिसलं.

तो आधी कट्ट्यावर बोलला. मग जिन्यात बोलला. मग पाण्याच्या वेळेला नळावर बोलला. नावाचं काही नाही हो, तो म्हणायचा, मला नावाचं काय पडलंय? पण आज नाव, उद्या मैदान, परवा विहार. ज्यांना आदल्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं, त्यांना दुसऱ्या दिवशी बॅनरकडे पाहून कसंसंच व्हायला लागलं. तेरा नंबरच्या एका पोराने बारा नंबरच्या पोराला यावरून काहीतरी चिडवलं, कॉलर धरली गेली, आणि विकासच्या हातात आयता पुरावा पडला.

त्याने मंडळाची सभा मागितली.

सीतारामदादांनी मंडळाला एक रीत घालून दिली होती, थेट नाटकातल्या संघावरून उचललेली. ठराव तीनदा वाचायचा. तिसऱ्यांदा वाचून मांडणारा खाली बसेपर्यंत कोणी विरोधाला उठलं नाही, तर ठराव मंजूर. आणि मागे घ्यायचा झाला तर ज्याने मांडला त्यानेच मागे घ्यायचा, दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. बाहेरच्यांना याचं हसू येई. पण मंडळ आजवर फुटलं नव्हतं ते या रीतीमुळेच, असं दादांचं म्हणणं होतं.

विहारात बारा नंबरचे सगळे जमले. विकास उभा राहिला. तेरा नंबरने आपल्या मंडळाचा अपमान केला आहे, मैदानावर पहिला हक्क आपला आहे, यंदापासून जयंती आपली आपण करावी, नाटकात आपलीच माणसं घ्यावीत.

"पहिल्यांदा वाचला," तो म्हणाला.

भिंतीजवळ पूर्वी मांडीवर हात ठेवून बसली होती. ती बापाकडे बघत होती, तालमीत बघायची तशीच.

"दुसऱ्यांदा वाचतो."

सुनेत्राने पदर खांद्यावर नीट घेतला. उद्या सकाळी चालायला जायचं की नाही, एवढाच विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"तिसऱ्यांदा वाचतो."

तिसऱ्यांदा वाचून झालं. दाराजवळच्या खुर्चीवरून जाईबाईचा आवाज आला.

"आता तो उठतो ना? कुठे गेला तो पोरगा?"

तिला तालीमच चालू आहे असं वाटत होतं. दोन-चार जण हसले. मग ते हसणं मध्येच राहिलं, कारण पोरगा तेरा नंबरचा होता आणि सभेला नव्हता, आणि त्याच्या जागी उठायचं कोणाला सुचलं नाही. विकास खाली बसला. पट्टा नव्हता, तरी पोटावर काहीतरी आवळल्यासारखं त्याला वाटलं.

"मंजूर," सीतारामदादा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि बराच वेळ पुन्हा घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा चालायला गेली नाही. वैशालीही गेली नाही. पूर्वी बापाशी भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "पप्पा, बॅनरचंच कारण ना खरं?"

"म्हणजे काय? सगळ्यांनी बघितलाय."

"हां," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

संध्याकाळी स्वप्नील दारात आला. गळ्यात पट्टी नव्हती. चप्पल काढून तो उंबऱ्याच्या आतच उभा राहिला.

"जय भीम काका. माझ्यामुळे दोन चाळींत भांडण नको. सिद्धार्थ तुम्ही करा. मी आमच्या मंडळाशी बोललोय, बॅनर उतरवतायत ते. तुमचं नाव वर घेतील. फक्त जयंती एकत्र होऊ दे."

"तुझ्यामुळे कुठे काय?" विकास म्हणाला. "तुझा काय संबंध याच्यात?"

"तसं नाही काका," स्वप्नील म्हणाला. त्याने नजर खाली घेतली. "मला वाटलं."

पोराला कळलं होतं. सगळ्या बारा नंबरमध्ये कोणाला कळलं नव्हतं ते त्याला कळलं होतं, आणि त्याने ते अशा रीतीने झाकून घेतलं होतं की विकासला साधं चिडताही येईना. मत्सराला दुसरं काहीही चालतं, समोरच्याचा चांगुलपणा चालत नाही. विकासने पाणी विचारलं. स्वप्नील नको म्हणाला.

"सेनापती कोण करणार मग?" आतून पूर्वीने विचारलं.

"मी करतो," स्वप्नील म्हणाला. "कोणीतरी करायला पाहिजे ना."

सीतारामदादांनी ठराव स्थगित ठेवायला सांगितला. मागे घेतोस का, असं त्यांनी विकासला एकदा विचारलंही. राहू दे दादा, तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. हातातली काठी टाकून द्यायची त्याची तयारी नव्हती. पूर्वीने कपाटातून उपरणं काढून, घडी घातलेलं तसंच, त्याच्यासमोर ठेवलं.

"तुमचे संवाद तुम्हाला पाठच आहेत," ती म्हणाली. त्यानंतर तिने त्याला एकदाही टोकलं नाही. विकासला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

पौर्णिमेला मैदान भरलं. विहारात मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, खीर वाटली गेली. नवा बॅनर लागला होता, बारा नंबर वर, ठळक. विकासने पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. दरवर्षी या मैदानात कोण कुठल्या चाळीचं ते कळायचं नाही, पोरं कोणाच्याही मांडीवर झोपायची. यंदा मधोमध वाट सोडावी तशी एक पट्टी मोकळी राहिली होती. अलीकडे बारा, पलीकडे तेरा. कोणी आखून दिलं नव्हतं. त्या पट्टीच्या या कडेला सुनेत्रा बसली होती आणि त्या कडेला वैशाली, दोघींच्या मध्ये एक सतरंजी मावली असती. दोघी स्टेजकडे बघत होत्या.

पडदा उघडला. शाक्य संघ भरला. सेनापती आला. पट्टा स्वप्नीलच्या कमरेला अगदी मापात बसला होता. त्याने ठराव वाचला. पोराने मनापासून वाचला, पण त्यात राग काही येत नव्हता. कुठून आणणार?

"दुसऱ्यांदा वाचतो."

विकास संघात बसला होता, खांद्यावर पांढरं उपरणं. सिद्धार्थाने उठायचं ते तिसऱ्या वाचनानंतर. पंचवीस वर्षं त्याचे गुडघे आपोआप उठले होते. त्याने स्वप्नीलकडे पाहिलं. स्वप्नील त्याच्याकडेच पाहत होता. वडीलधाऱ्याला आधी जाऊ द्यावं म्हणून दार धरून उभं राहिलेल्या माणसासारखा.

घर सोडून जायचा प्रवेश अजून पुढे होता. पण तो होऊन गेला, हे विकासला त्या क्षणी कळलं. आपल्याच दारात झाला. चप्पल काढून, उंबऱ्याच्या आत, जय भीम म्हणून. आणि आपण तेव्हा कोण होतो? सुतळी न बांधताही पट्टा आपल्याच पोटावर होता.

"तिसऱ्यांदा वाचतो," स्वप्नील म्हणाला. वाचून झालं. तो खाली न बसता थांबला.

विकास उठला. मैदान गप्प झालं.

"सभासदहो," तो म्हणाला, आणि पुढचं पाठ असलेलं वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर आलं नाही. त्याला लाज वाटली, इतक्या माणसांसमोर, अंगभर. "मी ठराव मागे घेतो."

संघातल्या सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. हे नाटकात नव्हतं. सिद्धार्थ विरोध करतो, ठराव मागे घेत नाही. तो त्याचा नसतोच. तेरा नंबरची माणसं नवीन काहीतरी बसवलंय म्हणून मान वर करून बघू लागली. बारा नंबरच्या बाजूला मात्र एकेकाची मान खाली जात होती.

पहिल्या रांगेत सीतारामदादा काठी टेकून उभे राहिले.

"मांडणाऱ्याने ठराव मागे घेतला आहे," ते सभेतल्या आवाजात म्हणाले. "सभेने नोंद घ्यावी."

"मग लढाई नाहीच?" जाईबाईने विचारलं. "आता पुढे काय करणार हे?"

मैदान हसलं, दोन्हीकडून. त्या हसण्यात विकास दोन पावलं पुढे गेला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्वप्नीलच्या खांद्यावर टाकलं.

"काका, काय करताय?" स्वप्नील ओठ न हलवता म्हणाला.

"पट्टा दे."

"तुम्हाला बसत नाही तो."

"माहितीये. दे."

स्वप्नीलने आकडा काढला. विकासने पट्टा पोटावर घेतला, मागची दोन टोकं डाव्या हाताने गच्च धरली आणि सेनापतीच्या जागी जाऊन उभा राहिला. स्वप्नील क्षणभर घोटाळला, मग संघात जाऊन बसला, विकास आतापर्यंत बसला होता तिथेच. मोकळ्या पट्टीच्या कडेने एक मूल उठलं आणि नीट दिसावं म्हणून मधोमध जाऊन बसलं. त्याला कोणी मागे ओढलं नाही.

"कोलीयांनी आपला अपमान केला आहे," विकासने सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा दणदणीत लागला नाही. त्याने रोहिणीकडे हात केला नाही, सभासदांकडे पाहिलं नाही. तो सबंध ठराव स्वप्नीलकडे बघत वाचत गेला, त्याच्या काळ्याभोर केसांकडे, सरळ पाठीकडे, त्या खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्याकडे. जे इतके दिवस आत दाबून ठेवलं होतं ते एकेका शब्दाबरोबर बाहेर येत होतं आणि ते लपवावं असं त्याला आता वाटत नव्हतं. मैदानातली माणसं हळूहळू पुढे सरकून बसली.

"पहिल्यांदा वाचला," तो म्हणाला आणि सवयीने विंगेकडे कान देऊन थांबला.

पूर्वी तिथेच उभी होती. पण या वेळी विंगेतून 'का' आला नाही.